एक्सरसिझम: आपला कोड कुणीतरी बसून वाचतंय, ते पण फुकटात

गेल्या सहा महिन्यांत मला दहा जणांनी तरी विचारलं असेल, बाबा तू पायथन (ती प्रोग्रॅमिंगची भाषा) कुठं शिकलास, क्लास कुठला, फी किती. एक्सरसिझम नावाच्या कोडिंगचा सराव करायच्या वेबसाइटवर शिकलो, हे दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख, म्हणजे अपेक्षा जास्त ठेवणार नाही कोण. मी कंप्युटरवाला नाही. मराठी मीडियम, मग डिप्लोमा मेकॅनिकल, आणि आता बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला. दिवसभर वर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज ही मापं घ्यायची हत्यारं आणि प्रॉडक्शनवाल्यांशी भांडण. कोडिंगचा आणि माझा संबंध आला तो या गेजांमुळंच. आमच्याकडं दीडशेच्या आसपास गेज आणि इन्स्ट्रुमेंट आहेत, प्रत्येकाचं वर्षातनं एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय का याची तपासणी, करून घ्यायचं असतंय, आणि कुणाची तारीख कधी हे सगळं एका एक्सेलमध्ये, जी एक्सेल माझ्या आधीच्या माणसानं बनवलेली, त्याच्या आधीच्या माणसाच्या वहीवरनं. ऑडिटला चार गेज ओव्हरड्यू निघाले. मग मला वाटलं की रोज सकाळी आपोआप यादी काढून देणारं काहीतरी आपणच लिहावं.

म्हणून क्लास लावला. नाव घेत नाही, तीन महिने, चौदा हजार. सर चांगले होते हो, वाईट बोलणार नाही माणसाबद्दल, पण पद्धत अशी की सर प्रोजेक्टरवर टाइप करणार, आम्ही बघून टाइप करणार, चाललं की पुढं. चाळीस पोरं एका बॅचला. मी काय टाइप केलंय हे तीन महिन्यांत एकदाही कुणी बघितलं नाही. एकदाही. शेवटी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट मिळालं, त्यावर पायथनचं स्पेलिंग तेवढं बरोबर होतं, आणि घरी येऊन कोरी स्क्रीन उघडली तर हात चालेना.

आता आमच्या शॉपमध्ये माणूस कसा तयार होतो बघा. मला लेथ शिकवली ती तात्यांनी. तात्या कधी हातातनं जॉब काढून घेत नव्हते. मागं येऊन उभं राहायचे, "काय करूलालास गा?" म्हणायचे, आणि मी सांगितलं की विचारायचे "किती आलं?" मी म्हणायचो पंचवीस पॉइंट शून्य दोन. "परत मोज." परत मोजलं की कळायचं की वर्नियर तिरका धरलाय. चुकलं असं कधी म्हणाले नाहीत, पण माझा प्रत्येक जॉब त्यांनी हातात घेऊन बघितला. क्लासमध्ये तेवढंच नव्हतं. बाकी एसी होता, खुर्च्या होत्या, वायफाय होतं.

निपाणीला माझा भाचा आहे, इंजिनिअरिंगला. त्यानं २०२४ च्या मे महिन्यात लिंक पाठवली, मामा हे बघ, एक्सरसिझम, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर मी आधी दोन आठवडे उघडलंच नाही, कारण फुकट म्हणजे सात दिवसांनी कार्ड मागणार हे ठरलेलं. तर इथं तसं नाही. मी आजपर्यंत एक रुपया दिलेला नाही, आणि कुणी मागितला पण नाही. ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते, आणि सगळं ओपन सोर्स, म्हणजे साइटचा कोड, प्रश्न, उत्तर तपासणाऱ्या टेस्ट, सगळं गिटहब म्हणून कोड ठेवायच्या साइटवर उघडं पडलंय, वाटलं तर जाऊन वाचा. सत्तरच्या वर भाषा आहेत. पायथन, जावास्क्रिप्ट, सी हे तर आहेच, पण मी आयुष्यात नाव न ऐकलेल्या भाषा पण आहेत, प्रत्येकीचा वेगळा ट्रॅक.

याची सुरुवात कशी झाली ते मला नंतर कळलं आणि वाचून एकदम आपलंच वाटलं. कॅट्रिना ओवेन नावाच्या बाई जंपस्टार्ट लॅब म्हणून एका ठिकाणी प्रोग्रॅमिंग शिकवायच्या, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची पण हीच बोंब होती की सराव करतोय पण बघून सांगणारं कोण नाही. त्यासाठी त्यांनी घरच्या घरी वापरायला म्हणून हे बनवलं, २०१३ साल. मग लोकांनी एकमेकांना सांगितलं, परके लोक येऊन एकमेकांचा कोड बघायला लागले, आणि वर्षभरात सहा हजारांच्या वर लोकांनी काही ना काही टाकलेलं. पुढं २०१६ ला जेरेमी वॉकर जोडीला आले आणि २०१८ मध्ये मेंटरिंगभोवती, म्हणजे जाणत्यानं शिकणाऱ्याचा कोड वाचून सांगण्याभोवती, सगळं नव्यानं मांडलं. म्हणजे क्लासमध्ये मला जे मिळालं नव्हतं त्याच्यासाठीच हे दुकान उघडलेलं.

वापरायला कसं आहे सांगतो. ट्रॅक निवडायचा, पहिला प्रश्न हॅलो वर्ल्ड, तो सगळ्यांनाच. मग दोन जातीचे प्रश्न, एक शिकवणारे, एक नुसत्या सरावाचे. ब्राउझरमध्येच लिहायची सोय आहे, नाहीतर आपल्या मशीनवर उतरवून घ्या, करा आणि कमांड मारून पाठवा. पाठवलं की टेस्ट पळतात, हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे कुठं आपटलं ते दाखवतंय, काय यायला पाहिजे होतं आणि तुमचं काय आलं. हे मला लगेच पटलं कारण आमचं रोजचंच काम ते, ड्रॉइंगवर काय आणि जॉबवर काय.

पायथनचा शिकवणीचा पहिला प्रश्न लसान्याचा. आता लसान्या बेळगावात कोण खातंय? मी आधी गुगल केलं की हे काय असतंय, मग कळलं थरावर थर घालून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ. ओव्हनमध्ये ४० मिनिटं, एक थर घालायला २ मिनिटं, तर इतके थर घातले आणि इतका वेळ ओव्हनमध्ये झाला, तर एकूण किती मिनिटं झाली, असलं फंक्शन, म्हणजे आकडे दिले की उत्तर काढून देणारा कोडचा तुकडा, लिहायचं. आपल्या गोड मांडे पोळीवर काढला असता तर आईनं पण सोडवला असता, फक्त मांड्याला २ मिनिटं म्हटलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं. पण प्रश्न सोपा आणि मांडणी सुंदर, ४० हा आकडा फंक्शनच्या आत नुसता टाकायचा नाही, वर नाव देऊन ठेवायचा, हे तिथंच डोक्यात बसलं. क्लासमध्ये तीन महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गंमत पुढं, लीप नावाच्या प्रश्नात. दिलेलं साल लीप आहे का नाही सांगायचं. चारनं भाग गेला की लीप एवढंच मला शाळेतलं आठवत होतं. लिहिलं, पाठवलं, १९०० ला लाल. डोकं खाजवलं. मग नियम वाचला, शंभरनं भाग गेला तर लीप नाही, पण चारशेनं गेला तर परत लीप. म्हणून १९०० नाही आणि २००० आहे. मग मी इफच्या (म्हणजे जर) आत इफ, त्याच्या आत इफ, प्रत्येकाला एल्स (नाहीतर), असा दहा-बारा ओळींचा जिना बांधला आणि सगळं हिरवं झालं. मी खूश. बाजूला बटण होतं, मेंटरला विचारा. म्हटलं बघू तर, काय करतायत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. पोलंडचा एक माणूस, व्यवसायानं प्रोग्रॅमर असावा, त्यानं माझा जिना सगळा वाचला होता. आधी म्हणाला की नियम बरोबर पकडलास, टेस्ट सगळ्या पास आहेत, छान. मग एकच प्रश्न, साल भागिले चार बाकी शून्य आहे का, ही ओळ एकटी चालवली तर पायथन काय छापतं? बस, एवढंच. उत्तर सांगितलं नाही. मी संध्याकाळी घरी येऊन चालवलं, छापलं ट्रू, म्हणजे खरं. मग डोक्यात उजेड पडला. ती ओळ स्वतःच ट्रू का फॉल्स ते सांगतेय, आणि मी वर तिला परत विचारतोय की बाई तू ट्रू असशील तर ट्रू दे, नसशील तर फॉल्स दे. म्हणजे भोकाचं माप नुसतं आत जातंय का नाही यावरनं सांगणारं गो-नो-गो गेज बोअरमध्ये घातलं, गो बाजू गेली, आणि मग गेली का नाही ते बघायला परत वर्नियर लावला. गेली म्हणजे गेली की!

दहा-बारा ओळींची एक ओळ झाली. मी पाठवलं, तर हा परत विचारतोय, आता तीन अटींतली कुठली आधी तपासलेली बरी, आणि का? त्याच्यावर आमचं अजून दोनदा जाणं-येणं झालं. शेवटी त्यानं लिहिलं की यात मला आता सुचवण्यासारखं काही नाही, पुढचा प्रश्न घे. त्या माणसाला मी ओळखत नाही, त्याला माझ्याकडनं काय मिळणार नाही, आणि त्यानं माझ्या एका फालतू प्रश्नावर अर्धा-पाऊण तास घातला असेल. मला तात्याच आठवले, "परत मोज".

इंग्लिशचं काय, हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. मला पण भीती होती. कन्नड येतंय, हिंदी येतंय, इंग्लिश लिहायचं म्हटलं की पोटात गोळा. पहिल्या मेसेजला मी वीस मिनिटं घालवली. पण समोरचे निम्मे पण इंग्लिशवाले नाहीत हो, पोलंडचा काय, ब्राझीलचा काय, सगळे आपल्यासारखंच जोडून-जोडून लिहितात. व्याकरण कुणी काढलं नाही. उलट एकदा मजा झाली. मी एका प्रश्नात व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याला, नाव दिलेलं तारीख, इंग्लिश अक्षरांत. सवय. मेंटर होता इजिप्तचा. त्यानं लिहिलं की नाव बघून हसू आलं कारण अरबीत पण हाच शब्द आणि हाच अर्थ, पण ट्रॅकवर सगळ्या जगाचे लोक वाचणार तर इंग्लिश नाव दिलंस तर बरं होईल. बघा, शब्द तिकडनंच फिरत-फिरत आपल्याकडं आलेला आणि आता माझ्या कोडमधनं परत तिकडं गेला. मी हे आमच्या गोकाकच्या दोस्ताला सांगितलं तर तो म्हणाला कन्नडमध्ये पण तारीखच म्हणतात की.

या दोस्ताचं सांगायचं राहिलं. आमच्या व्हीएमसीवर, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, असतोय, घरी कन्नड, माझ्याशी बोलताना अर्धं मराठी, अर्धं कन्नड, मधे हिंदी. मी जेवताना फोनवर काय बघतोय म्हणून त्यानं विचारलं आणि चार दिवसांत त्यानं पण खातं उघडलं. त्याचं डोकं माझ्यापेक्षा फास्ट चालतं कारण मशीनला हुकूम द्यायची भाषा जी-कोड रोजचाच, म्हणाला हे पण तसलंच की, फक्त कूलंट अंगावर उडत नाही. मग भाचा, मी आणि तो असे तिघं रविवारी आमच्या माडीवर बसायला लागलो, भाचा निपाणीहून बस पकडून यायचा, नाही जमलं तर कॉलवर. नियम असा ठरला की प्रश्न तिघांनी एकच घ्यायचा, पण सोडवायचा आपापला, आणि हिरवं झाल्याशिवाय एकमेकांचं बघायचं नाही. साइटवर पण तसंच आहे म्हणा, आपलं सुटल्यावर बाकी लोकांनी कसं केलंय ते बघायला मिळतंय, आणि त्यात तर तास कसा जातो कळत नाही. एकाच प्रश्नाची शंभर तोंडं.

रेनड्रॉप्स नावाचा प्रश्न आठवतोय, आकड्याला तीननं भाग गेला तर प्लिंग, पाचनं गेला तर प्लँग, सातनं गेला तर प्लाँग, कशानंच नाही गेला तर आकडा तसाच. बाहेर जुलैचा पाऊस धो-धो, आणि आम्ही तिघं आत प्लिंग-प्लँग करतोय. दोस्त म्हणाला हा प्रश्न काढणारा कणकुंबीला आलेला दिसत नाही, तिथं पाऊस असला नाजूक वाजत नसतोय.

त्याच दिवशी भाच्याची फजिती झाली, ती लिहू नको म्हणालाय, तरी लिहितो. त्यानं एआयला विचारून उत्तर चिकटवलं होतं. दिसायला एकदम भारी, एका ओळीत सगळं, सगळं हिरवं. मेंटरला पाठवलं, मेंटरनं कौतुक केलं आणि विचारलं की इथं ऑर (हे नाहीतर ते) वापरलंयस ते कसं काम करतं, डाव्या बाजूची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, रिकामी असली तर काय होतं, समजावून सांगशील का. पोरगं गप्प. तीन दिवस उत्तरच दिलं नाही. मग मी म्हटलं अरे खरं सांगून टाक की. त्यानं लिहिलं की हे माझं नाही, मला समजलेलं नाही. मेंटर चिडला नाही, म्हणाला ठीक आहे, तुझ्या पद्धतीनं लांबलचक लिही, मग आपण दोघं मिळून ते छोटं करू. नऊ ओळींचं झालं. आता भाच्याला तो ऑर झोपेत विचारा, सांगतोय.

गिगासेकंड म्हणून एक प्रश्न आहे, त्याच्यामुळं आमच्या घरी चर्चा झाली. एक अब्ज सेकंद म्हणजे एक गिगासेकंद, तर जन्मतारीख दिली की ते कधी पूर्ण होतात ते काढायचं. साधारण ३१ वर्षं आणि आठ महिने होतात. माझा जन्म १४ जानेवारी १९९३, संक्रांतीचा. प्रोग्रॅमनं सांगितलं २२ सप्टेंबर २०२४, रात्रीचे एक वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद, अर्थात जन्म मध्यरात्री बाराला धरला तर. म्हणजे अजून महिनाभर बाकी होता! मी आईला सांगितलं की माझे एक अब्ज सेकंद भरणार, कुंदा (आमच्याकडची मिठाई) आणू. आईनं कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली पितृपक्षात पडतंय, काय आणू नकोस. नंतर आणला. शिळा नव्हता, पण सेकंद शिळे झाले होते.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते गेजचं. दिवाळीपर्यंत माझा स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तयार झाला, एक्सेल वाचायची, मागच्या कॅलिब्रेशनच्या तारखेत वर्ष वाढवायचं, पंधरा दिवसांच्या आत येणारे वेगळे काढायचे. चालवला आणि आपटला. एरर आला की महिन्यात हा दिवसच नाही. बघितलं तर एक स्नॅप गेज, कॅलिब्रेशन झालेलं २९ फेब्रुवारी २०२४ ला. मी नुसतं साल बदलून २०२५ करत होतो, आणि २९ फेब्रुवारी २०२५ जगात नाहीच! मी हसत सुटलो, आजूबाजूच्यांना वाटलं ह्याला काय झालं. लीप प्रश्नावर पोलंडवाल्याशी घातलेली हुज्जत अशी वसूल झाली. २८ फेब्रुवारीला ओढून घेतलं, कारण कॅलिब्रेशन एक दिवस आधी चालतं, एक दिवस उशिरा ऑडिटर चालवून घेत नाही. तेव्हापासनं रोज सकाळी आठला यादी निघतेय. मॅनेजरना वाटतंय मी सॉफ्टवेअर विकत आणलं.

बरं, नुसतं गोड लिहिलं तर म्हणाल जाहिरात करतोय. तर काय नाही ते पण ऐका.

सर्टिफिकेट नाही. कसलंच नाही. ज्यांना नोकरीच्या अर्जाला कागद जोडायचाय त्यांनी दुसरीकडं जावं. एकदम शून्यातनं येणाऱ्याला पहिले आठ-दहा प्रश्न जड जाणार, कारण मुळात ही तालीम आहे, इथं दंड-बैठका मारायच्या असतात, चालायला शिकून आलेलं बरं. माझा तो चौदा हजारांचा क्लास तेवढ्यापुरता उपयोगी पडला हे कबूल करतो, व्हेरिएबल म्हणजे काय आणि लूप (तेच काम परत परत करायला लावणं) म्हणजे काय हे तरी माहीत होतं. आणि पूर्ण वेबसाइट किंवा ॲप उभं करायला इथं शिकवत नाहीत, छोटे-छोटे प्रश्न आणि ते नीट कसे लिहायचे एवढंच. एक्सेल वाचायचं मला वेगळं शोधावं लागलं.

मेंटर सगळे स्वयंसेवक. पगारी कोण नाही, आपापली नोकरी-धंदा सांभाळून येतात, त्यामुळं उत्तर कधी तासाभरात, कधी दोन-चार दिवसांनी, ट्रॅकवर माणसं किती आहेत त्यावर पण आहे. घाई असणाऱ्यानं इथं येऊ नये, किंवा एक प्रश्न पाठवून पुढचा सुरू करावा. मेंटर मिळेपर्यंत मशीन पण थोडंफार सांगतंय, कोड तपासून आपोआप सूचना येतात, पण ती मशीनचीच, कोरडी. फोनवर हे करायच्या भानगडीत पडू नका, वाचायला ठीक, लिहायला लॅपटॉपच पाहिजे. आमच्या दोस्तानं जुना चार हजारांचा लॅपटॉप घेतला, त्याच्यावर पण मस्त चालतंय कारण टेस्ट तिकडं त्यांच्याकडं पळतात.

मेंटर तुम्ही पण होऊ शकता, त्याला परीक्षा-बिरीक्षा नाही. मी या वर्षी जानेवारीत झालो. छाती धडधडत होती खरं, आपण कोण मोठे लागून गेलो. बऱ्याच प्रश्नांना मेंटरसाठी टिपणं असतात, कुठं लोक अडकतात, काय सुचवावं, ते वाचून जायचं. रांगेत लीपचे प्रश्न पडलेलेच असतात, तेच उचलले. पहिली आलेली मुलगी नायजेरियाची, नर्सिंग करतेय आणि बाजूला हे शिकतेय. तिचा कोड उघडला आणि बघतोय तर काय, इफच्या आत इफ, त्याच्या आत इफ. माझाच जिना! एकदम हात शिवशिवले की एका ओळीचं उत्तर लिहून टाकावं. लिहिलं पण होतं. मग खोडलं, आणि तिला विचारलं की ही पहिली ओळ एकटी चालवलीस तर काय छापतंय बघशील का. वाट बघत बसलो. इतकी उत्सुकता मला स्वतःच्या डिप्लोमाच्या रिझल्टची नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, नुसतं "ओ!!!" आणि खाली एक ओळीचा कोड. मी शॉपमध्येच होतो, दोस्ताला नेऊन दाखवलं, तो म्हणाला काय झालं, म्हटलं एकीला समजलं. "यारिगे?" कुणाला? मला पण ते नीट सांगता येईना. नाव पण टोपणनाव होतं.

त्यानंतर तेवीस जणांना बघितलंय. सगळं गोड नसतंय, काही जण कोड पाठवतात आणि परत येतच नाहीत, एकानं सगळं बरोबर आहे तर मग बोलतोस कशाला असं ऐकवलं, चालायचंच. पण यातनं माझं स्वतःचं जास्त पक्कं झालं, कारण दुसऱ्याला का ते सांगायला गेलं की आपल्याला कुठं माहीत नाही ते लगेच उघडं पडतं, आणि मग रात्री बाराला पायथनचं डॉक्युमेंटेशन वाचत बसावं लागतंय, बायको विचारतेय की हे कुठल्या कंपनीचं काम करताय. कंपनी नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसत नाही.

कुणी सुरू करणार असाल तर माझं ऐका, एकट्यानं करू नका, एक तरी जोडीदार बघा, भाषा वेगळी असली तरी चालतंय. हिरवं झालं की पळू नका, मेंटरचं बटण दाबा, पहिल्यांदा लाज वाटणारच. आणि मेंटरनं वेळ दिला तर शेवटी दोन ओळी आभाराच्या लिहा, तेवढीच त्यांची कमाई असते, तिथं तशी सोय ठेवलीय.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला? डार्क थीम. काळी स्क्रीन देणगीदार आणि जास्त काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवलीय, आणि आम्ही सेकंड शिफ्ट संपवून रात्री बाराला लाइट बंद करून बसणारी माणसं, पांढऱ्या स्क्रीननं डोळे फुटतात आणि बायको उठते. दोस्त म्हणतोय तिघांत मिळून थोडी देणगी देऊ, अर्धा स्टार परत टाक. बघू, दिवाळीचा बोनस होऊ दे.